मुंबईची मैदाने आणि तेथील माणसे

नवे शहर पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम देवालये पाहतो, मग वस्तुसंग्रहालय, मग बाजार. आणि सवड उरलीच तर समुद्रकाठी जाऊन वारा खातो. हा क्रम वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्या शहरातील समाजाची घडण कशी आहे, कोण कोणाच्या पंक्तीस बसतो आणि कोण कोणापासून चार हात दूर राहतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने सायंकाळी पाचच्या सुमारास तेथील क्रीडांगणांवर जावे, असे माझे पुष्कळ वर्षांच्या शिक्षकी पेशातून बनलेले मत आहे. देवळात मनुष्य सावध असतो, कचेरीत तो आपल्या हुद्द्याने बोलतो. खेळताना मात्र त्यास स्वतःचा विसर पडतो, आणि त्याचे घर, शेजार, शिक्षण व खिसा ही सर्व एकदम उघडी होतात.

अमक्यास क्रिकेटची आवड आहे, तमक्यास कबड्डीची आहे, असे आपण सहज बोलून जातो. ‘आवड’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. मुलाच्या मनात आवड उत्पन्न होण्यापूर्वीच त्याच्या दारासमोर अंगण आहे की गल्ली, शाळेस मैदान आहे की नाही, आणि वडिलांच्या खिशात बॅटीपुरते पैसे आहेत की नाहीत, ह्या गोष्टी ठरून गेलेल्या असतात. ही गोष्ट आजकालची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या विनोदांची, म्हणजे करमणुकींची, लांबलचक गणना आहे. घोड्यावर बसून चेंडू खेळणे तीत आहे, तसा मल्लविनोदही आहे. भेद इतकाच की, घोड्यावरचा चेंडू राजा स्वतः खेळतो आणि कुस्ती मात्र तो बसून पाहतो. मातीला अंग लावणारे मल्ल निराळे. खेळांची वर्णव्यवस्था अशी फार जुनी आहे.

गेल्या हिवाळ्यात मुलाकडे मुंबईस काही आठवडे राहण्याचा योग आला. दुपारचा चहा झाला की मी आणि माझा नातू असे दोघे बाहेर पडत असू, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे, एकेका दिवशी एकेक मैदान, अशी आमची यात्रा चाले. तिचे हे वृत्त आहे.

आरंभ अर्थातच फोर्टापासून केला. इंग्रजांच्या वेळी मुंबईच्या किल्ल्याबाहेर एक विस्तीर्ण पटांगण मोकळे ठेवलेले असे. शत्रू चालून आल्यास तोफांच्या माऱ्यास आडोसा नसावा, हा त्यातील हेतू. सन १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या कारकीर्दीत किल्ल्याचे तट पाडण्यात आले, पटांगणातून रस्ते निघाले, आणि त्याचे जे तुकडे राहिले तीच आजची ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान व कूपरेज ही मैदाने होत. शत्रू स्पष्ट दिसावा म्हणून राखलेली जागा पुढे खेळगड्यांच्या उपयोगी पडली, हा इतिहासाचा एक गोड विनोदच म्हणावयाचा.

ह्या पटांगणावर गोऱ्या शिपायांचा व साहेबांचा क्रिकेट पाहून प्रथम पारशी मुलांनी बॅट हाती धरली. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हिंदूंचा पहिला क्लब १८६६ चा. आणि मग गौड सारस्वतांचा निराळा, क्षत्रियांचा निराळा, मराठ्यांचा निराळा, असे जातवार क्लब निघत गेले. १८७५ साली युरोपियनांनी ‘बॉम्बे जिमखाना’ स्थापला. त्यात हिंदी माणसास सभासदत्व नव्हते. साहेबलोक पटांगणावर घोडे घालून पोलो खेळत, आणि त्या घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर हिंदी मुलांना चेंडू टाकावा लागे. ह्यासंबंधी १८८० नंतर अर्जविनंत्या झाल्या, वाद माजला. पुढे सरकारने समुद्रकाठी भरणी केलेल्या जमिनीवर एकेका समाजास जागा देण्याचे धोरण स्वीकारले, आणि पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना ही त्या शतकाच्या अखेरीपर्यंत उभी राहिली. कॅथलिक जिमखानाही पुढे त्यांच्या शेजारी आला.

मरीन लाइन्सपासून चर्नी रोडकडे जाताना डाव्या हातास समुद्र आणि उजव्या हातास ही जिमखान्यांची रांग आजही दिसते. एका जिमखान्याच्या फाटकावरून दुसऱ्याच्या फाटकाकडे जाताना जणू जनगणनेच्या अहवालाची पाने उलटीत आहोत, असा भास होतो. युरोपियन व पारशी ह्यांचे सामने १८९२ पासून नियमाने होऊ लागले. १९०७ साली हिंदू आल्यावर ते तिरंगी झाले, १९१२ साली मुसलमान आल्यावर चौरंगी झाले, आणि १९३७ साली उरलेल्या सर्वांचा एक संघ करून पंचरंगी झाले. ख्रिस्ती खेळाडूंची सोय त्या ‘उरलेल्यांत’ होती. महात्मा गांधींनी १९४० साली ह्या धर्मवार सामन्यांविरुद्ध स्पष्ट मत दिले, आणि १९४६ साली ते कायमचे बंद झाले.

पण भिंती धर्माधर्मांतच होत्या असे कोणी समजू नये. हिंदूंच्या संघातही त्या होत्या. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील गोलंदाज. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याच्या नोकरीवर असताना साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा हात तयार झाला. हिंदूंनी त्यांस संघात घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकणे कठीण होते. मात्र चहाच्या सुट्टीत संघ आत बसे आणि बाळूंना बाहेर निराळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात बाळू होते. १९११ साली हिंदी संघ विलायतेस गेला त्या दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक गडी बाद केले. इतके होऊनही कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांस १९२३ साली मिळाले. जो चेंडू बाळूंच्या हातून सुटून आपल्या हाती येतो तो झेलावयाचा, आणि त्याच हाताने दिलेले पाणी प्यावयाचे नाही, असा तो व्यवहार होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील सुशिक्षितांनी तो चालू दिला, हे आपण आपल्या घरातील मुलांना सांगितले पाहिजे. बाळूंचे शतक आणि मुंबईतील जिमखान्यांचे वैभव एवढेच सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आज ती धर्माची भिंत खेळापुरती तरी ढासळली आहे. पारशी जिमखान्याच्या क्रिकेट संघातून सूर्यकुमार यादव ह्यांच्यासारखे पारशी नसलेले खेळाडू खेळले आहेत, आणि त्यात कोणासही नवल वाटत नाही. तिच्या जागी दुसरी भिंत आली आहे, ती द्रव्याची. जिमखान्याच्या आत टेनिस आहे, बॅडमिंटन आहे, पोहण्याचे तळे आहे, टेबल टेनिस आहे. सभासदाच्या मुलास एका संध्याकाळी तीन खेळ खेळता येतात. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मुलास ह्यांपैकी एकही नाही. ह्या गोष्टीची मी मनाशी नोंद करून ठेवली; तिचा उपयोग पुढे झाला.

तेथून आझाद मैदानावर आलो. ह्या एका मैदानात २२ खेळपट्ट्या आहेत, आणि एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला पाठ लावून उभा असतो. आपला चेंडू कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता हे त्या मुलांना कसे कळते, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही. शालेय मुलांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी ह्यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली ती येथेच. आज येथे येणारी पुष्कळ मुले विरार, कल्याण, डोंबिवली अशा लांबच्या गावांहून लोकलच्या गर्दीत आपल्याएवढी उंच पिशवी सांभाळीत येतात. चांगली इंग्लिश विलोची बॅट एखाद्या शिपायाच्या महिन्याच्या पगारास भारी पडते. तेव्हा त्या पिशवीत बापाचे किती ओव्हरटाइम भरलेले असतील, ह्याचा हिशेब वाचकांनीच करावा. भारतीय कसोटी संघातील यशस्वी जयस्वाल हे उत्तर प्रदेशातून बालवयात येथे आले आणि ह्याच मैदानाच्या कडेस माळ्यांच्या तंबूत काही वर्षे राहिले. १९०० च्या आसपास खेळपट्टीवर रोलर फिरविणारा बाळू आणि एकशेदहा वर्षांनंतर माळ्यांच्या तंबूत झोपणारा यशस्वी, ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. खेळाच्या मंदिरात मागच्या दाराने येणाऱ्यांची वाट अरुंद असते खरी, पण ती पूर्वीही होती आणि अजूनही बुजलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबई सेंट्रलजवळच्या नागपाड्यास गेलो. घोड्याच्या शर्यतीचा किंवा क्रिकेटचा येथे मागमूस नाही. दाट मुसलमान वस्ती, वर अरुंद आकाश, आणि मध्ये सिमेंटच्या चौकोनावर बास्केटबॉल! हा अमेरिकेतील खेळ नागपाड्यात कसा रुजला, ह्याचे उत्तर इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशनने १९२६ च्या सुमारास येथे ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ ही संस्था काढली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे चालक. ज्या संस्थेचे पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेत रूपांतर झाले ती १९३६ साली येथेच सुरू झाली. मिशनऱ्यांनी बायबल किती जणांना दिले हे मला ठाऊक नाही. चेंडू मात्र त्यांनी दिला आणि तो वस्तीने ठेवून घेतला. भारतीय संघाचे कर्णधार झालेले व १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळविलेले अब्बास मुन्तसिर हे ह्याच वस्तीतले. बास्केटबॉलला अठ्ठावीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद जागा लागते आणि एका चेंडूत दहा जण खेळतात. जेथे जागा थोडी, मुले पुष्कळ, आणि शिकविणारा तळमळीचा, तेथे असाच खेळ मूळ धरतो. मी नातवास विचारले, “अरे, तुझ्या शाळेत हा खेळ आहे ना?” तो म्हणाला, “आहे आजोबा, पण इथल्यासारखा नाही.” मुलांची दृष्टी पुष्कळदा आपल्याहून निर्मळ असते.

तेथून उत्तरेस लालबाग, परळ, प्रभादेवी हा जुना गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि आज त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. परंतु चाळी सर्वच गेलेल्या नाहीत, आणि जेथे चाळ आहे तेथे मंडळ आहे. कोकणातून व घाटावरून आलेला गिरणी कामगार एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर पाळीपाळीने झोपत असे. त्याच्या करमणुकीस भजन होते, तालीम होती, आणि हुतुतू होता. ज्यास आज आपण कबड्डी म्हणतो त्या खेळास तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद जमीन पुरते, आणि साधन म्हणून काहीही लागत नाही. फक्त दम लागतो. गरिबाच्या खेळाची ह्याहून नेमकी व्याख्या करता येणार नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी तो जगास दाखविला, १९९० साली पेकिंगच्या आशियाई स्पर्धांत त्यास स्थान मिळाले, आणि २०१४ पासून व्यावसायिक सामन्यांमुळे तो घरोघर दूरदर्शन संचावर पोहोचला.

ना. म. जोशी मार्गावरील श्रमिक जिमखान्याचे नावच पाहा! समुद्रकाठच्या जिमखान्यांची नावे धर्मावरून पडली, ह्याचे नाव घामावरून पडले. गिरणगावातील एका मंडळाच्या पटांगणावर मी तासभर बसलो होतो. जी मुले कबड्डी खेळत होती तीच, असे कळले, गोकुळाष्टमीस गोविंदा पथकात थर लावतात, उन्हाळ्यात गल्लीत अंडरआर्म क्रिकेटचे सामने भरवतात, आणि गणेशोत्सवात मांडव घालतात. कोणता खेळ मुख्य, असे विचारता एकजण हसून म्हणाला, “काका, ज्याचा हंगाम तो मुख्य.” मुलींचा सरावही त्याच मातीवर चालला होता. तेथील शिक्षक सांगू लागले, “सर, सुरुवातीला आयांना समजावताना नाकी नऊ येतात. पण गल्लीतली एखादी मुलगी ह्या खेळावर पोलिसांत किंवा रेल्वेत लागली, की मग आया स्वतःच मुलींना घेऊन येतात.” ह्यात हसण्यासारखे काही नाही. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. रेल्वे, बँका, मोठे कारखाने ह्यांचे स्वतःचे संघ असतात. जिमखान्यातील सभासदाचा मुलगा नोकरीतून सवड मिळाली म्हणजे खेळतो. चाळीतील मुलगी नोकरी मिळावी म्हणून खेळते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही आदरास पात्र आहेत.

तेथून पुढे दादरचे शिवाजी पार्क. ह्या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांचे एखादे तरी नातेवाईक ह्या मैदानाच्या आसपास राहत असतील. १९२५ साली मुंबई नगरपालिकेने हे मैदान आखले. आरंभी त्याचे नाव माहीम पार्क होते, ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले ह्यांच्या आग्रहाने १९२७ साली बदलले. सभोवती मध्यमवर्गीय मराठी वस्ती, चांगल्या शाळा, वाचनालये. आणि मध्ये हे हिरवे-तांबडे अंगण. विजय मांजरेकर, अजित वाडेकर, संदीप पाटील ह्यांच्यापासून थेट रमाकांत आचरेकर सरांच्या शिष्यांपर्यंत क्रिकेटची केवढी मोठी परंपरा ह्या मातीत आहे! तिची रीत ठरलेली: शाळेत खेळावे, अभ्यास सांभाळावा, आणि पुढे बँकेत नोकरी धरावी. वाडेकर भारताचे कर्णधार होते आणि स्टेट बँकेत अधिकारीही होते. मध्यमवर्गाने खेळास नोकरीच्या कोंदणात बसवून घेतले.

मैदानाच्या एका अंगास समर्थ व्यायाम मंदिर आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर ह्यांनी नावारूपास आणलेला मल्लखांब तेथे शिकविला जातो. एके काळी हे पुरुषांचे, आणि त्यातही विशिष्ट घरांतील पुरुषांचे शास्त्र होते. आता दोरीच्या मल्लखांबावर मुलींच्या रांगा लागलेल्या असतात. अंध व अनाथ मुलांनाही तो तेथे शिकविण्यात आला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा ह्याच मैदानावर झाली, आणि ह्या कार्याबद्दल उदय देशपांडे ह्यांस २०२४ साली पद्मश्री मिळाली. जवळच अमर हिंद मंडळ आहे, जेथे एकाच अंगणात खो-खो आणि वसंत व्याख्यानमाला ह्या दोन्ही गोष्टी नांदतात. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी झाले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्रातले होते.

असे असूनही शिवाजी पार्कवर मला एक गोष्ट खटकली, ती सांगतो. मैदानाच्या कठड्यावर आईबाप बसलेले असतात. मूल आत क्रिकेटच्या ‘क्लास’ला असते, हातातील घड्याळाकडे पाहत आई पुढल्या शिकवणीची वेळ मोजीत असते. एका गृहस्थांशी बोलणे झाले. त्यांचा मुलगा आठ वर्षांचा. मी म्हटले, “अहो, शेजारी खो-खो चालला आहे, दोन दिवस तिकडे सोडून पाहा की!” ते म्हणाले, “मास्तर, दोन्हीकडे लक्ष दिले तर एकही धड व्हायचे नाही. आताच ठरवलेले बरे.” आठव्या वर्षी मौंजीबंधन करीत, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे, परंतु आठव्या वर्षी खेळाशी लग्न लावण्याची रीत मला नवी होती.

प्रवासाचा शेवटचा टप्पा वांद्रे. येथील ख्रिस्ती वस्तीत हॉकी आणि फुटबॉल हे चर्च व शाळा ह्यांच्या आवारातून वाढले. सेंट स्टॅनिस्लॉस शाळेचे नाव हॉकीत गाजलेले आहे. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातील गोलरक्षक लिओ पिंटो हे मुंबईतीलच. ह्याच वांद्र्याच्या शाळेत शिकलेली जेमिमा रॉड्रिग्ज महाराष्ट्राच्या कुमारी गटात हॉकी खेळली, आणि क्रिकेटही खेळत राहिली. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १२७ धावा केल्या, आणि तीन दिवसांनी त्याच मैदानावर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. तिच्या घरच्यांनी आठव्या वर्षी एकाच खेळाचा हट्ट धरला असता तर, असा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

आता ह्या भ्रमंतीतून काय हाती लागले ते थोडक्यात मांडतो. अनेक खेळ खेळणारी माणसे मुंबईत मला मुख्यत्वे दोन ठिकाणी आढळली. एक, ज्यांच्याकडे सर्व काही आहे अशा जिमखान्यांत. दुसरे, ज्यांच्याकडे काही नाही अशा चाळींच्या अंगणांत. श्रीमंताच्या मुलास सर्व खेळ विकत मिळतात. गरिबाच्या मुलास कोणताच खेळ विकत घ्यावा लागत नाही. मधल्या पांढरपेशा मुलाचे मात्र एकाच खेळाचे शुल्क भरलेले असते, आणि भरलेल्या शुल्काचा मोबदला मिळाला पाहिजे ही चिंता त्याच्या बरोबर मैदानात उतरते. दहावीचे वर्ष आले की तो एक खेळही सुटतो. मुलींचा तर बहुधा त्याआधीच सुटतो.

पूर्वी असे नव्हते. संदीप पाटील ह्यांचे वडील मधुसूदन पाटील क्रिकेटबरोबर बॅडमिंटनही राष्ट्रीय दर्जाचे खेळत, शिवाय टेनिस व फुटबॉलही. सांगलीचे नंदू नाटेकर आरंभी टेनिस खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन ह्यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५६ साली परदेशात बॅडमिंटनचे अजिंक्यपद मिळविणारे पहिले भारतीय ठरले. डायना एडलजी मुंबईत रेल्वेच्या वसाहतीत वाढल्या. बास्केटबॉल व टेबल टेनिस खेळून मग क्रिकेटकडे आल्या. बंगालचे चुनी गोस्वामी ह्यांनी १९६२ च्या आशियाई स्पर्धांत फुटबॉल संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले, आणि १९७१-७२ च्या हंगामात रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बंगालच्या क्रिकेट संघाचे कर्णधार म्हणून ते मुंबईत उतरले. ह्या सर्वांनी पुढे एकेक खेळ धरलाच. पण धरण्यापूर्वी पुष्कळ हाताळले.

ह्यात शरीराचा लाभ आहे, तो व्यायामशिक्षक सांगतील. मला एका शिक्षकास दिसतो तो दुसरा लाभ. प्रत्येक खेळाची आपली एक वस्ती असते. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचे सोबती एक, कबड्डीतले दुसरे, हॉकीतले तिसरे. जो एकच खेळ खेळतो, त्यास बहुधा आपल्यासारखीच मुले भेटतात. जो दोन खेळतो, त्यास दोन वस्त्यांची भाषा कळू लागते, दोन प्रकारचे डबे उघडलेले दिसतात, आणि दोन प्रकारच्या बापांचे कष्ट समजतात. जिमखान्यांच्या काळात माणसे वेगवेगळी खेळत, कारण नियमच तसा होता. आज नियम नाही; आणि तरीही आपण आपल्या मुलांस एकाच कुंपणात ठेवीत असलो, तर ते कुंपण आपण स्वखुशीने घातलेले आहे, असेच म्हणावे लागेल.

एकत्र कुटुंबांत एक मोठी सोय असते: घरातच पाच-सात मुले असतात आणि त्यांना मैदानावर नेऊन आणण्यास रिकामे आजोबा असतात. त्या आजोबांस माझी विनंती आहे. सून शिकवणीचे वेळापत्रक दाखवील, मुलगा शुल्काचा हिशेब मांडील. दोघांचेही शांतपणे ऐकून घ्यावे. मग आठवड्यातून दोन दिवस नातवंडांस, आणि त्यात नातींस आधी, आपल्या वस्तीबाहेरच्या एखाद्या मैदानावर न्यावे. जो खेळ आपल्या घरात कोणी खेळलेला नाही तो त्यांना खेळू द्यावा, आणि खेळ संपल्यावर तेथल्या मुलांबरोबर एकाच तांब्यातले पाणी पिऊ द्यावे. पळवणकर बाळूंचे आपण जे देणे लागतो, त्यातील निदान एवढा हप्ता आपल्या हातून फिटण्यासारखा आहे.